भैरू लुक्स आफ्टर हिज मदर

खोटं वाक्य इंग्रजीत पाठ होत नाही, असं उद्धवराव मास्तरांचं ठाम मत होतं. मराठीत होतं, मराठीत माणूस जन्मभर खोटं बोलून सुखानं मरतो. पण परक्या भाषेत आधीच जीभ अडखळते, त्यात मनही अडखळलं तर वाक्य उभंच राहत नाही, असं ते म्हणत. उद्धवराव मुळात मास्तर नव्हतेच. ते रेल्वेत तारमास्तर होते. नोकरीची सगळी वर्षं तळेगाव-लोणावळ्याकडच्या स्टेशनांवर तारयंत्र टकटकवून ते निवृत्त झाले आणि चिंचवडला खोली घेऊन राहिले. तारेवरून खोटा निरोप गेला की गाडीवर गाडी जाते, ही भीती त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा ते शब्द तपासून टाकत.

त्या वर्षी पिंपरीला सरकारी औषधाचा कारखाना उभा राहत होता. आसपासच्या गावांतली पोरं कामाला घेणार अशी बातमी होती, मात्र थोडं इंग्रजी कळायला हवं. यंत्रं परदेशातली, त्यांच्यावरच्या पाट्या इंग्रजी आणि साहेब मद्रासकडचा, त्याला मराठी येत नव्हतं. म्हणून काळेवाडीच्या शाळेत संध्याकाळी मास्तरांचा वर्ग सुरू झाला. मास्तर पायजम्याला चिमटे लावून सायकलवरून यायचे. कारखान्यातल्या साहेबाशी त्यांची ओळख झाली होती, आणि ‘तुम्ही सांगाल ती माणसं घेऊ’ असं साहेब त्यांना म्हणाला होता. त्यामुळे वर्गाला गर्दी होती. त्यात मिसरूड फुटलेले होते तसे दोन पोरांचे बापही होते, आणि आबाजी नावाचे एक म्हातारे निव्वळ करमणुकीसाठी येऊन बसत.

वर्गाचा नियम एकच. मास्तर रोज इंग्रजीतला एक वाक्प्रचार देणार, प्रत्येकानं त्याचं वाक्य करायचं, आणि ते वाक्य स्वतःच्या घरातलं, खरंखुरं पाहिजे. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला वाक्य खोटं वाटलं तर त्यानं हात वर करायचा. ‘गेट अप’च्या दिवशी रंगराव म्हणाला की मी पहाटे उठतो, तेव्हा एकदम सात-आठ हात वर गेले आणि रंगरावाला खरी वेळ सांगून वाक्य दुरुस्त करावं लागलं. एरवी गावात कुणाचं खोटं तोंडावर काढायची रीत नाही. पण इंग्रजीत ते चालत होतं, आणि लोकांना त्याची गोडी लागली होती.

मग ‘लुक आफ्टर’चा दिवस आला.

“लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं,” मास्तर म्हणाले. “रोजच्या बोलण्यातलं आहे. साहेब तुम्हाला मशीन लुक आफ्टर करायला सांगेल, म्हणजे नुसतं बघत बसायचं नाही. चला, रंगराव.”

“माय वाइफ लुक्स आफ्टर मी,” रंगराव म्हणाला. सगळे हसले, पण हात कुणीच वर केला नाही. ते खरंच होतं. दुसऱ्यानं बैलांचं वाक्य केलं. तिसऱ्यानं ऊस सांभाळतो म्हणून सांगितलं, त्यावर शेजारच्यानं हात वर केला आणि दोघांचं थोडं वाजलं. आबाजींनी देव सगळ्यांना सांभाळतो असं वाक्य केलं, ते मास्तरांनी घेतलं नाही. “याची चौकशी कुठं करायची?” असं म्हणाले.

भैरू उठला. तिशीच्या आतला, अंगानं दणकट, वर्गात सगळ्यांत जास्त मन लावून शिकणारा. त्यांची जमीन थोडी, तीही उताराची. ही नोकरी त्याला पाहिजेच होती, आणि पाठांतरात तो सगळ्यांच्या पुढं होता.

“आय लुक आफ्टर माय मदर,” भैरू म्हणाला.

वर्गात एकदम शांतता पसरली. मास्तरांना ती कौतुकाची वाटली.

भैरूची आई मंजुळाबाई दोन वर्षांपासून पुनावळ्याला लेकीकडं, सोजराकडं, राहत होती. सून शालन आणि ती यांचं पिठावरून वाजलं होतं. मंजुळाबाई रोज भाकरीचं पीठ स्वतःच्या हातानं काढून द्यायची, आणि एकदा शालनचा भाऊ आला असताना तिनं नेहमीइतकंच काढलं. शालन त्या दिवशी उपाशी राहिली आणि नको ते बोलली. मंजुळाबाई चार दिवस सोजराकडं जाऊन येते म्हणून निघाली. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणाऱ्या पिढीतली ती बाई, चार दिवसांत परत येणारच, असं भैरूनं धरलं. ती वाट बघत राहिली की हा न्यायला येईल. हा वाट बघत राहिला की ती आपणहून येईल. मधल्या काळात दोन दिवाळ्या गेल्या. कुणी विचारलं तर भैरू अजूनही ‘चार दिवस गेलीया’ असंच सांगायचा, आणि विचारणारा मान डोलवायचा.

हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पण बैलाचं, उसाचं खोटं वेगळं आणि घरातल्या म्हातारीचं वेगळं. घरची गोष्ट बाहेरच्या माणसापुढं काढायची नाही, एवढी मर्यादा काळेवाडीत भांडखोर माणूससुद्धा पाळतो. मास्तर पडले बाहेरचे. एकही हात वर झाला नाही.

“शाबास!” मास्तर म्हणाले. “हे वाक्य. याला म्हणतात वाक्य. सगळ्यांनी म्हणा, भैरू लुक्स आफ्टर हिज मदर.”

सगळ्यांनी म्हटलं. मास्तरांनी पुन्हा म्हणायला लावलं. आबाजींनी तर डोळे मिटून, भजनात धरतात तसा सूर धरला. भैरू मान खाली घालून बसला होता, तो विनय आहे असं मास्तरांना वाटलं. त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून वर्गाची सुरुवात याच वाक्यानं होईल.

आणि झाली. रोज संध्याकाळी शाळेच्या खोलीतून वीस-बावीस गडी एका आवाजात ओरडायचे की भैरू आईला सांभाळतो. आवाज पार नदीपर्यंत जायचा. चार दिवसांत ते शब्द गावात पसरले आणि बोलण्यात येऊ लागले. बायका धुणं धुताना एकमेकींना म्हणायला लागल्या, “माझं पोरगं जरा लुक आफ्टर कर गं, मी आलेच.” दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणायचा, “सामान लुक आफ्टर करा, शेळी तोंड घालंल.” बैल, म्हैस, सायकल, सगळ्यांचं लुक आफ्टर व्हायला लागलं. फक्त भैरू समोर आला की शब्द बदलायचा आणि लोक ‘सांभाळ’ म्हणायचे. त्याला तेच जास्त लागायचं. गावानं टिंगल केली असती तर त्यानं एकाचं तरी डोकं फोडलं असतं. पण गाव सभ्यपणानं वागत होतं, आणि सभ्यपणाला काय करायचं ते त्याला सुचेना.

वर्ग सोडावा तर नोकरी गेली. खरं सांगावं तर मास्तरांचा शब्द गेला, म्हणजे पुन्हा नोकरीच गेली. तरी त्यानं काही दिवस तसेच काढले असते. पण एका शुक्रवारी वर्ग सुटताना मास्तर म्हणाले, “भैरू, रविवारी मी तुझ्याकडं येतो. तुझ्या आईला नमस्कार करायचाय. माझी आई गेली तेव्हा मी लोणावळ्याला ड्यूटीवर होतो. तार मीच घेतली, माझ्याच आईची.” एवढं बोलून ते सायकलला टांग मारून गेले.

घरी आल्यावर भैरूनं शालनला सांगितलं. शालन चुलीपुढं बसली होती. ती वाईट बाई नव्हती. एकदा बोलून गेली होती, आणि ते परत घ्यायची संधी तिला कुणी दिली नव्हती.

“आना की,” ती म्हणाली. “मी कवा नको म्हनले? पर कवापातूर?”

“नोकरीची मुलाखत हुईपातूर तरी.”

शालननं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि भाकरी उलटली.

शनिवारी तो रंगरावाची सायकल घेऊन पुनावळ्याला गेला. मंजुळाबाई सोजराच्या अंगणात ज्वारी पाखडत होती. लेकीच्या घरी फुकट खायचं नाही म्हणून ती दिवसभर काही ना काही करत असे. भैरू म्हणाला, “आये, घरी चल.” दोन वर्षं त्यानं जे म्हटलं नव्हतं ते इतकं सोपं निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मंजुळाबाईनं सूप खाली ठेवलं. का, कशाला, आजच का, असलं काही तिनं विचारलं नाही. आत गेली, दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि बाहेर आली. सोजरा दारात उभी राहून भावाकडं रागानं बघत होती, पण आईनं डोळ्यांनी दटावल्यामुळं बोलली नाही.

रविवारी मास्तर आले ते कोट घालून. निम्मा वर्ग अंगणात जमला होता. मास्तरांनी मंजुळाबाईला वाकून नमस्कार केला. ती अवघडून मागं सरकली.

“आई, तुमचा मुलगा तुम्हाला सांभाळतो, हे आम्ही रोज वर्गात म्हणतो,” मास्तर म्हणाले. “आमच्या इंग्रजीचा श्रीगणेशाच तो आहे. खरं आहे ना?”

मंजुळाबाईनं अंगणातल्या माणसांकडं पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मग तिनं भैरूकडं पाहिलं.

“व्हय,” ती म्हणाली. “लई सांभाळतो.”

मास्तरांचे डोळे भरून आले. शालननं चहा आणून ठेवला आणि लगबगीनं आत गेली.

मुलाखतीपर्यंतचे दिवस चांगले गेले म्हणायचे. कुणाचं कुणाशी वाजलं नाही. मंजुळाबाई उठल्याबरोबर शेण काढायची, म्हशीची धार काढायची, सरपण आणायची. शालन तिला ‘आत्याबाई, ऱ्हाऊ द्या’ म्हणायची आणि मंजुळाबाई ‘असू दे’ म्हणायची, आणि काम तिच्याकडंच राहायचं. भैरू मुलाखतीची तयारी करत होता. नळ, टाकी, वाफ, झडप यांची इंग्रजी नावं तो गोठ्यामागं फिरत फिरत पाठ करायचा. मुख्य म्हणजे आता त्याचं वाक्य खरं होतं. वर्गात तो ते सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायला लागला.

मुलाखत कारखान्याच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये होती. भिंती अजून ओल्या होत्या आणि सगळीकडं चुन्याचा वास होता. टेबलामागं मद्रासी साहेब, बाजूच्या खुर्चीवर उद्धवराव मास्तर. साहेबाचा स्वभाव मऊ होता. एकेकाला नाव, गाव, शिक्षण विचारून तो घरच्या गोष्टींवर येई, म्हणजे माणूस मोकळा होतो. भैरूची पाळी आली तेव्हा साहेबानं विचारलं की घरी कोण कोण आहे.

“माय वाइफ, सर. माय मदर. आय लुक आफ्टर माय मदर.”

वाक्य खणखणीत आलं. मास्तर खुर्चीत ताठ झाले.

“व्हेरी गुड,” साहेब म्हणाला आणि सहज पुढं विचारलं, “हाऊ?”

कसं? भैरूला प्रश्न कळला. इंग्रजीची अडचण नव्हतीच. उत्तर इंग्रजीत सापडेना म्हणून त्यानं ते आधी मराठीत शोधलं, तर तिथंही सापडेना. आई आल्यापासून आपण तिच्यासाठी काय केलं, ते त्याला आठवत नव्हतं. ती जेवली का हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. तिचं अंथरूण कुठं असतं हेसुद्धा त्याला नक्की सांगता आलं नसतं. तिच्याशी झालेलं बोलणं आठवायला गेला तर ‘म्हैस सोडली का’ एवढंच आठवलं. साहेब वाट बघत होता.

“शी... शी मिल्क बफेलो, सर,” तो म्हणाला. “शी ब्रिंग वूड. शी क्लीन...” आणि थांबला.

साहेब मोठ्यानं हसला. उलट तीच तुला सांभाळते म्हण की, असं काहीसं तो इंग्रजीत म्हणाला आणि भैरूच्या नावापुढं त्यानं खूण केली. मास्तर हसले नाहीत. ते भैरूच्या चेहऱ्याकडं बघत होते, आणि आयुष्यभर तारा वाचलेल्या त्या माणसाला जे वाचायचं ते वाचता आलं. हात वर करायचा नियम त्यांचाच होता. पण त्यांचा हात गुडघ्यावरून हलला नाही. काळेवाडीत वर्ग घेऊन तेही थोडे काळेवाडीचे झाले होते.

भैरूला नोकरी लागली. निवडलेल्या सगळ्यांनी मिळून मारुतीला नारळ फोडला. संध्याकाळी घरी आल्यावर मंजुळाबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, “काय काय इचारलं सायबानं?”

त्यानं नाव, गाव सांगितलं. मग पुढचंही सांगून गेला. “आईला कसा सांभाळतोस, म्हनला.”

“मग काय सांगितलंस?”

“काय सुचलं न्हाई.”

मंजुळाबाई वळून घरात गेली. सकाळी तिनं धार काढली, दूध झाकून ठेवलं आणि गाठोडं बांधून ओट्यावर येऊन बसली.

“मला सोजराकडं सोड,” ती म्हणाली. “तुझी पाळी दुपारची हाय. तवर माघारी येशील.”

शालन आतून धावत आली. “आत्याबाई, ऱ्हावा की आता. माझं काय चुकलं का?”

“तुझं काय न्हाई चुकलं, बाई. मी समजत हुते तशी तू न्हाईस, मला कळलं.” तिनं शालनच्या गालावरून हात फिरवला. “पर परवा रातच्याला मी म्हशीला वैरण टाकाया गोठ्यात गेले, आन तुमी दोघांनी दार लावून घेतलं. मी आत हाय का भाईर, कुनाच्या ध्येनात न्हाई. मी हाक न्हाई मारली. तितंच गोनपाटावर पडले. पुनावळ्यात मला कुनी इंग्रजीत सांभाळत न्हाई. पर दार लावायच्या आदी जावई इचारतो, मामी आत आल्या का म्हून.”

शालन पदर तोंडाला लावून रडायला लागली. भैरू खांबाला धरून उभा होता. त्याची लाज चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. त्यानं गाठोडं उचललं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं.

दोघं निघाले. मंजुळाबाईला कॅरिअरवर बसायची भीती वाटायची, म्हणून तो सायकल हातात धरून चालत होता आणि ती बाजूनं. गव्हाची कापणी झालेली होती. माणसं वाटेत भेटत होती, नोकरीबद्दल भैरूला शाबासकी देत होती, आणि गाठोड्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होती.

पुनावळ्याची घरं दिसायला लागली तसा भैरू थांबला.

“आये,” तो म्हणाला, “मी तुला माझ्या नोकरीसाठी आनलं हुतं.”

“ठावं हाय. तू यायच्या आदीच रंगरावाचा मेव्हना सांगून गेलता. तुमच्या वर्गात काय वरडत्यात, मास्तर कवा येनार, समदं.”

“मग आलीस कशाला?”

मंजुळाबाईला त्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं.

“तुला नोकरी लागावी म्हून,” ती म्हणाली.

तिनंच दोरी सोडून गाठोडं काढून घेतलं आणि काखेत धरलं. लेकीच्या दारात पोराबरोबर गेलं तर सोजरा त्याला बोलल्याशिवाय राहणार नाही आणि जावयापुढं त्याची शोभा होईल, म्हणून इथूनच माघारी जा, असं तिनं त्याला सांगितलं.

“पुना कवा येऊ न्यायाला?” भैरूनं विचारलं.

तिनं थोडा विचार केला.

“काय काम नसंल तवा ये,” ती म्हणाली, आणि बांधावरून एकटीच पुढं गेली.